बॉबच्या कार्डाला पडलेली खिडकी

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू हसलास. "पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावरून घोडे झालेले लोक भांडतात कसले?" मी तुटक काहीतरी बोलून फोन ठेवला. राग तुझ्यावर नव्हता रे. आता नीट लिहितो. चहा घेऊन बस.

इथे जवळच एक कार्डांचं दुकान आहे. बबलगममधून निघणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांपायी आपण दात किडवून घेतले ना, तसलाच हा नाद. फक्त बेसबॉलचा, आणि डॉलरमधला. शनिवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो. त्यात एक आजोबा आहेत, मूळचे पोर्तो रिकोचे, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांच्याकडे रोबेर्तो क्लेमेंतेचं टॉप्स कंपनीचं १९६४ सालचं कार्ड होतं आणि त्यावर निळ्या बॉलपेनने त्याची सही. शाळकरी वयात मैदानाच्या कुंपणाशी तासभर ताटकळून त्यांनी स्वतः घेतलेली.

क्लेमेंते तुझ्या कानावरून गेला नसेल. तोही पोर्तो रिकोचाच, पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळायचा. कारकिर्दीत बरोब्बर ३,००० हिट्स (चेंडू टोलवून बाद न होता निदान पहिल्या टप्प्यावर पोचलं की एक हिट). शेवटची ३० सप्टेंबर १९७२ ला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळलं. वय ३८. म्हणून त्याच्या सहीला सोन्याचा भाव.

तर आजोबांच्या तळघरात पाणी शिरलं. कार्ड फुगलं, कोपरे सुटले, डाग पडले. सही मात्र ठणठणीत. दुकानात येणारा एक दलाल म्हणाला, "कार्ड मेलंय, सही जिवंत आहे. मला द्या. तेवढी कापून नव्या कार्डाच्या खिडकीत बसवतो." याला इथे 'कट' म्हणतात आणि यात चोरीछुपे काही नाही. अपर डेक कंपनीने २००१ मध्ये 'लेजेंडरी कट्स' नावाचा अख्खा संचच काढला होता. दिवंगत खेळाडूंच्या जुन्या कागदांवरच्या सह्या कापून कार्डांत बसवलेल्या. २००३ मध्ये तर डॉनरस या कार्ड कंपनीने बेसबॉलचा दैवतासमान खेळाडू बेब रूथ याची जर्सी अडीच लाखांहून जास्त डॉलर मोजून घेतली आणि कात्री लावून तिचे तुकडे कार्डांत घातले.

मग जुंपली. एक म्हणाला, जर्सी काचेमागे ठेवली असती तर माझ्यासारख्याला बोट तरी लावता आलं असतं का? दुसरा म्हणाला, उद्या देवळाची मूर्तीही वाटून घ्याल. (तो देवळात जाणारा नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाला.) तिसऱ्याचं आपलं एकच पालुपद: त्याचं कार्ड, त्याची मर्जी. हे शेवटचं मला खोडता येईना. शिवाय खरं सांगू? चेकवरची सही कापली, कोऱ्या कागदावरची कापली, तर माझं काही म्हणणं नाही. तिथे सहीशिवाय असतं काय?

पण हे कार्ड वेगळं होतं. साठच्या दशकात टॉप्स त्याचं नाव 'बॉब क्लेमेंते' असं छापायची. अमेरिकन जिभेला सोपं म्हणून. त्याला स्वतःला ते बॉब प्रकरण मुळीच आवडत नसे. तर या कार्डावर खाली पट्टीत ठळक छापलंय 'बॉब', आणि त्याच्या वर पेनाने ठसठशीत 'रोबेर्तो'. दोन्ही एकत्र आहेत तोवर ते भांडण आहे. सही कापलीस की उरते नुसती सही. बाजारात तशा आणखीही आहेत.

मी हे सांगितलं तेव्हा दलालाने मान डोलावली आणि भाव पन्नास डॉलरने वाढवला. तळघराच्या दुरुस्तीचं बिल आजोबांच्या खिशात होतं. त्यांनी कार्ड दिलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत उरलेलं कार्ड. मधोमध आयताकृती भोक, खाली 'बॉब'. उलटून पाहिलं, तर मागच्या आकडेवारीचं आतडं बाहेर काढलेलं: काही वर्षांचे सामने आहेत, धावा नाहीत. पुढून मापून कापणाऱ्याने मागे पाहिलंच नव्हतं.

ते बघताना मला काय आठवलं असेल, सांग. सोलापूर, पार्क मैदान, रणजीचा सामना. माझ्या वहीच्या एकाच पानावर दोघा खेळाडूंच्या सह्या मिळाल्या आणि घरी येऊन तुझ्या बाबांच्या दाढीच्या ब्लेडने आपण ते पान समसमान वाटून घेतलं. मागच्या बाजूला यष्टिरक्षकाची सही होती, ती दुसऱ्या दिवशी ध्यानात आली. नाव माझ्याकडे आलं, आडनाव तुझ्याकडे. तू रडलास. मीही रडलो असेन, पण तसं मी कधी कबूल केलेलं नाही.

माझा तुकडा पासपोर्टच्या पाकिटात आहे. तुझा तू खळ लावून भूगोलाच्या वहीत चिकटवला होतास, म्हणजे आडनाव कागदाखाली गेलं. ती वही माळ्यावर असेल तर बघ. असलीच तर ओली करून सोडवायला जाऊ नकोस, तू करशील. नुसती उजेडासमोर धर आणि उलटी अक्षरं दिसतात का ते कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या