कबुली कुणापुढे दिली?

संपादक महोदय,

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य सगळ्याच वृत्तपत्रांत सर्रास छापले जाते. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता (कलम २५), आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे (कलम २३). तरी बातमी आली की शेजाऱ्यांच्या आणि मालकाच्या लेखी खटला तिथेच निकाली निघतो.

न केलेला गुन्हा माणूस का कबूल करतो? मारहाण हे एक कारण. पण हात न लावताही कबुली मिळते. झोपू द्यायचे नाही, तेच तेच विचारायचे, 'तुझ्या जोडीदाराने सगळं ओकलंय' असे खोटेच सांगायचे. मग दुसऱ्याने गोडीत यायचे, 'रागाच्या भरात झालं असेल, सही कर आणि मोकळा हो.' भावाला चौकीत बसवून ठेवले की उरलासुरला धीरही सुटतो. निर्दोष माणूस तेव्हा आजची रात्र कशी सुटेल एवढेच पाहतो. कोर्टात खरे काय ते कळेलच, असा त्याला भरवसा असतो, आणि तोच त्याला बुडवतो. अल्पवयीन मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसे तर याहून लवकर मान डोलावतात.

सर्वांत फसवा असतो तो कबुलीतला तपशील. खऱ्या गुन्हेगाराशिवाय हे कुणाला ठाऊक असणार, असे वाटते. पण तपशील प्रश्नांतूनच पोचतो. 'चाकू विहिरीत टाकलास की नाल्यात?' असे विचारले की हत्यार कोणते आणि ते कुठे शोधायचे, दोन्ही सांगून झाले. उत्तर चुकले की आवाज चढतो, जुळले की चहा येतो. चार फेऱ्यांत जबाब घटनास्थळाशी तंतोतंत बसतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९ च्या बलात्कार प्रकरणात १४ ते १६ वर्षांची पाच मुले अशीच अडकली. चौघांची कबुली व्हिडिओवर होती. त्याआधीची कित्येक तासांची चौकशी मात्र नव्हती. डीएनए एकाशीही जुळला नाही, तरी दोषी ठरली. तो डीएनए दुसऱ्याच माणसाचा असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. नुसत्या शेवटच्या जबाबाचे चित्रीकरण म्हणूनच घातक आहे. ते पहिल्या मिनिटापासून हवे.

आपल्याकडे मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कलम १८ ने मात्र त्या नियमाला अपवाद करून अधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरील पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली आहे. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवताना याच कबुल्या अविश्वसनीय मानल्या. काही भाग एकमेकांवरून उतरवल्यासारखे होते. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, पण हे निरीक्षण विसरण्याजोगे नाही.

पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ते राखून ठेवण्याचा अर्ज आरोपीतर्फे पहिल्याच रिमांडच्या वेळी कोर्टात द्यावा. उशीर झाला की 'यंत्र बंद होते' हेच उत्तर मिळते. दंडाधिकाऱ्यांपुढे कबुली द्यायची नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. त्यानंतर त्या आरोपीला पोलीस कोठडीत धाडता येत नाही, हे कित्येकांना माहीतच नसते.

आपल्या बातमीदारांनी निदान एवढे विचारावे: कबुली कुणापुढे दिली, वकील भेटला होता का, आणि पोलिसांना आधी ठाऊक नव्हते असे तीत नेमके काय आहे?

– एक फौजदारी वकील, सातारा