बटणे दाबण्यापलीकडचे संगीत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर आलेला लेख वाचला. हे कलाकार घरून तयार करून आणलेले ध्वनिमुद्रण व्यासपीठावर लावतात आणि उरलेला वेळ हात उंचावून नाचतात, असा त्याचा एकंदर सूर होता. काही नामवंत डीजेंच्या बाबतीत तो खराही असेल, पण त्यासाठी अवघ्या प्रकारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. ‘ऑर्बिटल’ या इंग्लंडमधील जोडीची कारकीर्द पाहिली तरी हे पटावे.

फिल आणि पॉल हार्टनॉल हे केंटमधील सेव्हनओक्सचे सख्खे भाऊ. फिल १९६४ चा, तर पॉल त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा. जोडीचे नाव लंडनला वेढणाऱ्या, ‘लंडन ऑर्बिटल’ म्हटल्या जाणाऱ्या एम-२५ या वळणमहामार्गावरून आले, कारण त्या काळी रात्रभर चालणाऱ्या रेव्ह पार्ट्यांना तरुण मंडळी याच रस्त्याने जात. १९८९ मध्ये पॉलने घरच्या घरी, वडिलांच्या कॅसेट डेकवर ‘चाइम’ ही रचना मुद्रित केली. पुढच्याच वर्षी ती ब्रिटनच्या विक्री-क्रमवारीत १७ व्या स्थानी पोहोचली आणि बीबीसीच्या लोकप्रिय संगीत-कार्यक्रमात हे दोघे पोल टॅक्सचा, म्हणजे तेव्हाच्या दरडोई कराचा, निषेध करणारे टी-शर्ट घालून झळकले.

त्यांचे खरे वेगळेपण मात्र प्रत्यक्ष कार्यक्रमात दिसते. ते मंचावर सिक्वेन्सर, म्हणजे साठवलेले सूर-ताल हवे तसे वाजवणारे यंत्र, नेत असत. त्यांच्या या यंत्रात ढोल, बास, सुरावट असे आठ स्वतंत्र माग (ट्रॅक) असतात आणि प्रत्येक माग केव्हा सोडायचा, केव्हा थांबवायचा आणि किती वेळ लांबवायचा, हे त्या त्या क्षणी समोरच्या गर्दीचा रंग पाहून ठरवावे लागते. त्यामुळे तीच रचना दोन रात्री सारखी वाजत नसे. बटणे ते दाबत होते हे खरेच आहे, पण पेटीच्या पट्ट्याही दाबाव्याच लागतात. अंधारात यंत्रे दिसावीत म्हणून दोघे चष्म्याच्या दोन्ही बाजूंना छोटे टॉर्च लावत, आणि या निव्वळ सोयीच्या गोष्टीचीच पुढे त्यांची ओळख झाली. १९९४ च्या ग्लास्टनबरी महोत्सवातील त्यांच्या सादरीकरणानंतर, गिटारवाल्यांच्या महोत्सवात या संगीताला स्थान काय, हा प्रश्न जवळपास निकालात निघाला.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने खुल्या जागेतील रेव्ह रोखण्यासाठी कायदा केला आणि त्यातील संगीताच्या व्याख्येत सतत पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचा मुद्दाम समावेश केला. त्या विधेयकाचे नाव दिलेल्या आपल्या एका रीमिक्समध्ये या भावांनी काही मिनिटांची निव्वळ शांतता ठेवली. निषेधाची इतकी नेमकी तऱ्हा मला अन्य संगीतात क्वचितच आढळली आहे.

या संगीतात भावना नसते, असेही लेखात सूचित केले आहे. ‘हॅल्सियन’ ही १९९२ ची रचना त्यांनी आपल्या आईला अर्पण केली, कारण डॉक्टरांनी दिलेल्या त्याच नावाच्या झोपेच्या गोळ्यांच्या आहारी ती अनेक वर्षे गेली होती. उलट्या फिरवलेल्या स्त्रीस्वराची ती संथ आवर्तने ऐकताना हे ठाऊक असले, तर ‘निव्वळ नाचण्याचे संगीत’ हे शब्द सहसा तोंडून निघणार नाहीत.

सगळेच काही उत्तम होते असे नाही. १९९६ चा ‘इन साइड्स’ हा माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम अल्बम, तर २००१ चा ‘दि ऑलटुगेदर’ विस्कळीत वाटतो. २००४ मध्ये जोडी फुटली, २००९ मध्ये पुन्हा एकत्र आली, २०१४ मध्ये परत विभक्त झाली आणि २०१७ मध्ये पुन्हा जुळली. कल्याणजी-आनंदजींपासून अजय-अतुलपर्यंत भावांच्या संगीतकार जोड्या आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यामुळे एकाच घरातील दोघांनी दोनदा वेगळे होऊनही २०२३ मध्ये ‘ऑप्टिकल डिल्यूजन’ हा नवा अल्बम काढावा, याचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पुणे आणि गोव्यातील महोत्सवांमुळे आपले अनेक तरुण वाचक हे संगीत ऐकतात. त्याच्यावर कठोर टीका अवश्य व्हावी, पण ती हे संगीत ऐकणाऱ्या आणि त्यातील यंत्रे कशी चालतात हे जाणणाऱ्या समीक्षकाकडून व्हावी, एवढीच संपादकांना विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे