विषय : मागच्या ब्रेकचा कॅलिपर बसत नाही. सीटचा यात काहीही संबंध नाही.

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

तुमच्या हेल्पलाइनला केलेला चौथा फोन आत्ताच ठेवला. ऑर्डर क्रमांक मेलमध्ये पाचव्यांदा टाकतोय. तुमच्या माणसाने चारही वेळा तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा लिहून घेतला.

तुमच्याच नावाने तुम्ही विकता तो हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा सेट मी घेतला, फक्त मागचा, १२,४०० रुपयांना. माझी मुलगी ट्रायल्स करते, म्हणजे पाय न टेकता सायकलवरून कातळ आणि अडथळे पार करायचा खेळ. सायकल २० इंची, स्पेनहून आलेली, वापरलेली, मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा भाग, फ्रेमला जोडायची जागा आयएस माउंट पद्धतीची. तुमच्या पानावर लिहिलंय : ‘आयएस आणि पोस्ट माउंट दोन्हींना बसतो, ॲडॉप्टर सोबत, रोटर १६० मिमी.’ रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क, १६० हा तिचा व्यास. हे वाचूनच पैसे भरले.

आला तो पोस्ट माउंट कॅलिपर. त्याबद्दल तक्रार नाही, हल्ली बहुतेक तसेच येतात. आयएसमध्ये फ्रेमच्या दोन कानांना बिनआट्यांची आरपार भोकं असतात, त्यांतलं अंतर ५१ मिमी आणि बोल्ट बाजूने जातात. पोस्ट माउंटला अंतर ७४ आणि बोल्ट काटकोनात, सरळ आट्यांत. म्हणून मधे ॲडॉप्टर लागतो. तुम्ही पाठवलेल्या ॲडॉप्टरवर कोरलंय ‘एफ १६० / आर १४०’. म्हणजे पुढे लावला तर १६० च्या रोटरला, मागे लावला तर १४० च्या. मागचे कान मुळात १४० च्या हिशेबाने असतात, म्हणून हा फरक. मला मागे १६० हवा, म्हणजे ‘एफ १८० / आर १६०’ हवा. तुमचा लावला की कॅलिपर १० मिमी आसाकडे सरकतो आणि रोटरची कड त्याच्या अंगावर घासते. चाक फिरतच नाही. ब्रेक म्हणून उत्तमच म्हणायचा.

हे मी पहिल्या फोनवर सांगितलं. उत्तर : “सर, डिस्क ब्रेक सगळे सारखेच असतात, लोकल मेकॅनिकला दाखवा.” मी भोसरीत बावीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर काढलीत. मापं घ्यायचा व्हर्नियर माझ्या खिशात असतो. मी म्हटलं, ५१ आणि ७४ सारखे नाहीत. तो म्हणाला, “सर, तेवीसचाच फरक आहे ना?” तेवीस मिलिमीटर! आमच्याकडे तेवीस मायक्रॉनसाठी जॉब परत येतो.

दुसऱ्या फोनवर सल्ला मिळाला की १४० चा रोटर लावा, तो तुमच्याकडेच मिळतो, ९५० रुपये वेगळे. म्हणजे चूक तुमची आणि रोटर मी विकत घ्यायचा. शिवाय रोटर लहान झाला की त्याच दाबाला पकड जवळपास आठव्या हिश्श्याने कमी होते. रस्त्यावर कुणाला कळणारही नाही. ट्रायल्समध्ये पोर मागच्या एका चाकावर, कातळाच्या कडेवर उभी असते, एका बोटाने ब्रेक दाबून. तिथे ब्रेकने वेग कमी करायचा नसतो, चाक जागच्या जागी धरून ठेवायचं असतं, पुढेही नाही आणि मागेही नाही. चाक बोटभर फिरलं तर ती खाली. म्हणूनच कितीतरी ट्रायल्सवाले अजून मागे मागुरा कंपनीचा एचएस ३३ रिम ब्रेक, म्हणजे थेट रिमलाच पकडणारा, लावतात आणि बारीक खरखर यावी म्हणून रिमवर ग्राइंडर फिरवतात. आम्ही डिस्क घेतली ती पावसाळ्यात वेताळ टेकडीवर चिखलाने रिम निसरडी होते म्हणून. आमची चूक इतकीच.

तिसऱ्या फोननंतर पार्सल आलं. आत पोस्ट माउंटवरून पोस्ट माउंटवर जाणारा, २० मिमी वाढवणारा ॲडॉप्टर. दोन्ही बाजूंना ७४. माझी फ्रेम ५१ ची आहे हे मी तीनदा सांगितलं होतं. सोबत ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ म्हणून फुकट ब्लीडिंग किट, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल भरायचं सामान, त्यात डॉट ५.१ चं तेल. तुमच्याच लिव्हरच्या झाकणावर ‘फक्त मिनरल ऑइल’ असं लिहिलंय. होप कंपनीच्या ब्रेकला डॉट चालतं, शिमानो आणि मागुराला मिनरल, हे सायकलच्या दुकानातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. तुमची भेट मी वापरली असती तर सील फुगून आख्खा ब्रेक कचऱ्यात गेला असता, आणि मग तुम्ही म्हणाला असता, चुकीचं तेल वापरलंत, वॉरंटी बाद.

आता आजचा फोन. काल तुमच्याकडून मेसेज आला की तक्रार बंद झाली. कारण : ‘वापरादरम्यान सायकलचे भाग हरवले आहेत.’ मला वाटलं भलत्याचाच मेसेज आला. फोन केला.

“सर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत सीट दिसत नाहीये.”

“नाहीये.”

“म्हणजे पडली का सर?”

“ट्रायल्सची सायकल आहे. या सायकलला सीट नसतेच.”

“सर, सीट प्रत्येक सायकलला असते.”

“हिला नसते. कारखान्यातूनच नसते. उभं राहून चालवतात.”

मग तो थोडा वेळ गप्प. मागे कुणीतरी हसलं. मग : “सर, सीट नसताना चालवली तर ब्रेकवर लोड येतो, ते मिसयूज मध्ये जातं.”

मी विचारलं, जो ब्रेक बसलाच नाही त्यावर लोड कसा येईल? तो म्हणाला, “तेच ना सर, आधी सीट बसवून घ्या, मग आपण ब्रेकचं बघू.” आणि वर, मुलीसाठी असेल तर तुमच्याकडे बास्केटवालं मॉडेल आहे, त्यावर सध्या ऑफर चालू आहे. मुलगी शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती उठून आत गेली.

मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण ज्या कंपनीला स्वतःच्या ॲडॉप्टरवर कोरलेली दोन अक्षरं वाचता येत नाहीत, तिने मला सीटवरून ज्ञान द्यावं? मुलीची पहिली सायकल तुमच्याच दुकानातून घेतली होती. तेव्हा काउंटरवर एक काका असायचे, नुसता ड्रॉपआउट, म्हणजे फ्रेमची चाक अडकवायची खाच, बघून सांगायचे काय लागेल ते. ते असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मला ‘एफ १८० / आर १६०’ चा आयएस ॲडॉप्टर पाठवा, चारही बोल्ट आणि शिम वॉशरसकट. पुन्हा सांगतो : फ्रेमकडे ५१, कॅलिपरकडे ७४. हवं तर ड्रॉइंग काढून देतो. ॲडॉप्टरला सैलपणा नको. प्ले असला की प्रत्येक उडीला टक वाजतं आणि पोरीचा भरवसा जातो. हे जमत नसेल तर सगळा माल घेऊन जा, १२,४०० परत करा, कुरिअर तुमच्या खर्चाने.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. जाहिरातीत लिहिल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. महिना संपायला नऊ दिवस उरलेत. दहाव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन आणि त्यानंतर ग्राहक आयोग. तिथे दोन्ही ॲडॉप्टर आणि व्हर्नियर घेऊन येईन.

आणि तक्रार बंद केल्याचं ते कारण खोडा. पैसे परत दिलेत तरी खोडा.

सोबत : बिल, दोन्ही ॲडॉप्टरचे व्हर्नियर लावून काढलेले फोटो, तक्रार बंद केल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. सायकलचा फोटो या वेळी मुद्दाम जोडलेला नाही.