सूचना : कुंपण आणि गेटचं काम देण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार.

घराचं कुंपण किंवा गेट करून घेणाऱ्यांनी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमोर दाखवून घ्याव्यात. खांब एकदा पुरले की वाद मिटवणं फार जड जातं. दर लेखी घ्या. त्यात पाइपची जाडी, खांबांमधलं अंतर, खड्ड्याची खोली, रंगाचे हात सगळं लिहिलेलं हवं.

माझ्याकडे खांबाचं काँक्रीट भरलं त्याच संध्याकाळी गेटचा पल्ला चढवला. महिन्याभरात खांब आत झुकला, पल्ल्याचं खालचं टोक घासू लागलं. फरशीवर तो अर्धगोल ओरखडा अजून आहे. म्हणून कळकळीने सांगते, काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारा, मगच पल्ला बसवू द्या. गेटचे खांब कुंपणाच्या खांबांपेक्षा जाड आणि खोल हवेत, कारण पल्ल्याचा सगळा भार बिजागऱ्यांमधून त्यांच्यावरच येतो.

वेल्डिंगचे सांधे घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) लावल्याशिवाय रंग नको. गंज तिथूनच धरतो. कंत्राटदाराचं आधीचं काम बघायला जाल तेव्हा एखादा पावसाळा काढलेलं बघा. शेवटचा हप्ता गेट स्वतः उघडून-लावून पाहिल्यावरच द्या.