दारासमोरच्या वाफ्यासाठी

फोंडा, गोवा
मे अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या घराचा फोटो पोचला. व्हरांड्यापुढचा तो १२ फूट लांब नि ४ फूट रुंद वाफा बघून मी किती वेळ त्यातच रमलो होतो. नर्सरीवाल्याने दिलेली यादीही वाचली: गुलाब, फॉक्सटेल पाम, बोगनवेल, मोरपंखी. ती यादी बाजूला ठेव असं मी अगदी मनापासून सांगतो. फॉक्सटेल पाम ३० फुटांवर जातो, तो खिडकीखाली कशाला? गुलाबाच्या पानांवर आपल्या पावसात काळे ठिपके पडतात, झाड खराट्यासारखं होतं. बोगनवेल लाव, पण मागच्या कुंपणावर. दाराशी काटे नकोत.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो नि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मग एप्रिल-मे कोरडा, तापलेला. दोन्ही सोसणारं झाडच दारात टिकतं. म्हणून फुलाचा रंग बघण्याआधी त्या झाडाच्या मुळांना साचलेलं पाणी चालतं का, ते विचार. तुळस अशा पाण्यात कुजते. वृंदावन उंच बांधतात त्याचा तिला हाही फायदा होतो, म्हणून काकूंची तुळस वाफ्यात लावू नकोस, वृंदावनातच राहू दे.

आता मातीचं. तुझं बांधकाम नुकतंच संपलंय, तेव्हा भिंतीलगत सिमेंट नि चुन्याचा राडारोडा नक्की पुरला गेलाय. आपली जांभ्याची लाल माती मुळात आंबट, एक्झोरासारख्या फुलझुडपाला हवी तशी. पण चुना मिसळला की तिच्यातलं लोह झाडाला घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, नि लोक मग खतावर खत ओततात. त्यापेक्षा आताच दीड फूट खोल उकरून राडारोडा काढ. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भर. कडेला चिरे लावून वाफा जमिनीपासून वीतभर उंच कर. कौलांच्या पागोळ्या पडतात त्या रेषेवर खडीचा पट्टा ठेव, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात माती भिंतीवर उडेल आणि रोपांची मुळं उघडी पडतील.

खडीच्या पट्ट्याची जागा सोडली की लावायला उरते जेमतेम अडीच फूट रुंदी. एवढ्यात दहा जाती कोंबू नकोस. खिडकीखाली बुटक्या एक्झोराची तीन झुडपं दोन-दोन फुटांवर. टोकाला, वाढायला मोकळी जागा आहे तिथे, एकच लाल जास्वंद. काकूंच्या गणपतीला रोज फूल मिळेल. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचं तेल. घर पूर्वाभिमुख आहे, ऊन दक्षिणेच्या कोपऱ्यात जास्त रेंगाळतं, तिथे मोगरा. त्याला ऊन कमी पडलं की नुसती पानंच येतात. डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी चुकवू नकोस, कळ्या नव्या फुटीवर धरतात.

पुढची सगळी रांग मात्र अबोलीची, हा माझा हट्ट आहे. अबोलीशिवाय गोव्यातलं अंगण मला अपुरं वाटतं. अर्धी सावली तिला चालते, म्हणजे तुझ्या दुपारच्या सावलीचा प्रश्नच मिटला. वास नसतो, पण फूल तोडल्यावरही टिकतं, म्हणून वेणीत शोभतं. गावठी अबोलीच्या सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडकतात, बी दूर उडतं आणि पावसात आपोआप रोपं येतात. दुकानात मिळणारी ‘दिल्ली’ अबोली रंगाला भडक, पण तिला बी धरत नाही, फाट्यांवरूनच वाढवावी लागते. शेजाऱ्यांकडे गावठी असेल तर तीच माग.

आणखी एक, व्हरांड्याच्या खांबाला जाई चढव. आपल्या म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात ऑगस्टच्या सुमाराला जायांची पूजा होते, तेव्हा सगळं देऊळ जाईने भरलेलं असतं. बाकी फुलं पावसाने गळतात, त्या दिवसांत ही बहरते. कण्हेर मात्र नको. दिसायला छान, गुरंही तोंड लावत नाहीत, पण तिचा प्रत्येक भाग विषारी, नि तुझी धाकटी दिसेल ते तोंडात घालते.

लागवड पहिल्या सरींनंतर, माती दमदार ओली झाली की. जास्वंदीची फांदी पेन्सिलीएवढी जाड घे, पावसात ती लवकर रुजते. आमच्याकडची देतो. झेंडूचं बी जुलै अखेरीस पेर, दसऱ्याला तोरणापुरती फुलं येतील. मुसळधार पावसात खत देऊ नकोस, सगळं वाहून जातं. सप्टेंबरनंतर दे.

एक्झोरा नि मोगऱ्याची रोपं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघू. कुठला शुक्रवार जमेल ते कळव, मी सकाळी लवकर निघेन. तोवर राडारोडा काढून ठेव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
मित्र