पाहुणे नकोत, भागीदार हवेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

9 ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आला की गोव्यात ठिकठिकाणी व्यासपीठे सजतात. कुणबी लुगडे नेसलेल्या बायका येतात, दहा मिनिटांत धालो उरकतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि सगळे घरी जातात. अशा कार्यक्रमांना माझा विरोध नाही. पण यालाच आपण आदिवासींशी मैत्री समजू लागलो आहोत, याचे मनापासून वाईट वाटते.

धालो हा मांडावरचा, म्हणजे गावाने पवित्र मानलेल्या अंगणातला, बायकांचा खेळ. पौषातल्या रात्री सारवलेल्या मांडावर बायकांच्या दोन रांगा हातात हात गुंफून समोरासमोर उभ्या राहतात. गात, वाकत पुढे येतात आणि तशाच मागे सरतात. तो व्यासपीठावर आणताना काय गायचे, कुठे थांबायचे, मुळात मांड सोडून खेळायचे की नाही, हे ठरवायला त्या बायकांना आयोजकांच्या बैठकीत कोणी बसवते का? मैत्रीची सुरुवात त्या बैठकीतून व्हायला हवी.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये. 2011 च्या जनगणनेत राज्यात या जमातींचे 1,49,275 लोक होते, म्हणजे दर दहा गोमंतकीयांमागे एक. त्याच वर्षी 25 मे रोजी आपल्या मागण्यांसाठी रस्त्यावर उतरलेल्या या समाजातील दोन तरुणांचा बाळ्ळीत जीव गेला. चाळीस जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती; ती वाट मोकळी करणारे विधेयक संसदेत मंजूर व्हायला ऑगस्ट 2025 उजाडावा लागला. या सगळ्या काळात आपण बाकीचे गोमंतकीय त्यांच्या बाजूने कितीसे उभे राहिलो?

हातभार लावण्यासारखे काम समोरच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करायचा तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. बापजाद्यांनी कुमेरी, म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, केली, काजू लावले, त्याचे कागद कुठून आणायचे? पण नियमांनी एक सोय ठेवली आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुराव्यात धरला जातो. केपे, सांगे, काणकोणात शेजारच्या वाड्यावर असे कितीतरी वृद्ध आहेत, ज्यांना कुठली जमीन कोण कसत आला हे पक्के ठाऊक आहे. त्यांनी गावाच्या वनहक्क समितीपुढे येऊन सांगावे. निवृत्त कारकून, शिक्षक, वकील यांनी अर्ज भरायला बसावे. मात्र समितीने बोलावल्यावर, आणि ती सांगेल तेवढेच. पुढारपण आदिवासींकडेच राहू द्यावे.

व्यवहारातही हेच. काणकोणातील खोल या गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डोंगरउतारावर भर पावसात ती लावायची, राखायची, मग उन्हात वाळवायची, हे कष्ट बायकांचे. शहरातल्या मसाले आणि लोणची करणाऱ्या गटांनी हंगामाआधीच त्यांच्याकडे जावे, भाव त्यांना सांगू द्यावा, थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि सगळे लेखी करावे. पाकिटावर त्यांच्या गटाचे नावही छापावे.

आपल्या दैनिकाने अशा भागीदाऱ्यांसाठी आठवड्यातून एक कोपरा राखून ठेवावा आणि त्यात काय छापायचे हे त्या समाजातील लिहित्या मुलामुलींना ठरवू द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा