पोकळ रचलेल्या लाकडांची गोष्ट

नट दिग्दर्शक झाला की आधी स्वतःची भूमिका लांबवतो, असा टोमणा आपल्याकडे सर्रास मारला जातो. रविवारच्या पुरवणीतही तो डोकावलाच. लिआ पर्सेल या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीला तो लावून पाहावा. क्वीन्सलँडमधल्या मर्गन गावची ही आदिवासी बाई रंगभूमी आणि मालिकांमधून पुढे आली; 'वेंटवर्थ' पाहणाऱ्यांना तिचा चेहरा आठवत असेल.

हेन्री लॉसन या ऑस्ट्रेलियन लेखकाची १८९२ची एक कथा तिची आई तिला लहानपणी वाचून दाखवायची. नवरा गुरे हाकायला दूर गेलेला, घरात साप शिरलेला आणि आई मुलांना घेऊन रात्रभर जागी. तिला लाकडांची रास रचून देणारा आदिवासी माणूस कथेत ओझरताच येतो. रास आतून पोकळ निघते. लॉसनच्या लेखी त्याचा वाटा तेवढाच. पर्सेलबाईंनी नेमका असाच एक आदिवासी माणूस उचलून कथेच्या मध्यभागी आणला. आधी २०१६मध्ये सिडनीत नाटक, मग कादंबरी, आणि २०२१मध्ये 'द ड्रोव्हर्स वाइफ' हा चित्रपट. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळे त्यांचेच.

पोलीस अधिकाऱ्याच्या बायकोचे उपकथानक मला चिकटवल्यासारखे वाटले, हेही सांगायला हवे. पण दिवस भरत आलेली पर्सेलबाईंची नायिका बंदूक रोखून दारात उभी राहते, तेव्हा भूमिका लांबवल्याची तक्रार निदान मी तरी करणार नाही.

- एक वाचक, सातारा